समता कॉलोनीत समुद्राचं पाणी: शुद्धीकरण आणि मिश्रणाची घरगुती व्यवस्था

रायपूरहून समुद्र गाठायचा तर विशाखापट्टणम किंवा पुरी. दोन्हीकडे रेल्वेचा प्रवास पाचशे किलोमीटरच्या वर. समता कॉलोनीतल्या घरात क्लाऊनफिश पाळायचा असेल, तर त्याचं पाणी घरीच तयार करावं लागतं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात विरघळलेलं सगळं आधी काढून टाकायचं, मग त्या कोऱ्या पाण्यात समुद्री मीठ मोजून घालायचं. कृती एवढीच आहे. पण मे महिन्याच्या भट्टीत आणि श्रावणाच्या दमट हवेतही ती दर आठवड्याला तशीच जमली पाहिजे, म्हणून तिची नीट व्यवस्था लावावी लागते. या छंदाची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे नळाला दिवसभर दाबाने पाणी असतं आणि ते गारही असतं. तो आराखडा जसाच्या तसा इथे उचलला की पहिल्या उन्हाळ्यातच अडचणी सुरू होतात. म्हणून योजना आपल्या घरी येणाऱ्या पाण्यापासून सुरू करावी.

आधी आपलं पाणी ओळखा

रायपुरातल्या बहुतेक घरांत पाणी दोन वाटांनी येतं. नगर निगमचं नळाचं पाणी खारून नदीवरून, भाठागांवच्या बाजूने येतं. उन्हाळ्यात नदी आटू लागली की धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून, म्हणजे महानदीच्या रविशंकर सागरातून, कालव्याने पाणी सोडून खारूनची पातळी राखली जाते. हे पृष्ठभागावरचं पाणी असल्यामुळे बोअरच्या मानाने हलकं असतं. पावसाळ्यात ते गढूळ येतं, आणि शुद्धीकरणासाठी त्यात क्लोरीन घातलेलं असतं.

दुसरी वाट बोअरची. रायपूर शहर छत्तीसगड खोऱ्यातल्या चुनखडीच्या आणि शेलच्या थरांवर वसलेलं आहे. हे थर शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत आणि उथळ समुद्रात साठून तयार झाले आहेत. काही थरांत त्या काळच्या सूक्ष्मजीवांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइट अजून दिसतात. बलौदाबाजार, तिल्दा या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच चुनखडीमुळे. बोअरचं पाणी या खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत जमणारा पांढरा कडक थर, गिझरच्या कॉइलवरचं कवच, स्टीलच्या भांड्यावरचे डाग, हे सगळं त्याचंच.

खडकातलं कॅल्शियम समुद्री टाकीला लागतंच, मग ते काढायचं कशाला, असा प्रश्न पडतो. कारण बोअरच्या पाण्यात कॅल्शियम एकटं नसतं. सोबत नायट्रेट असतो, सिलिका असते, कधी लोह असतं, आणि त्यांचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. समुद्री मिठाच्या डब्यावरचं प्रमाण काहीही विरघळलेलं नसलेलं कोरं पाणी गृहीत धरून ठरवलेलं असतं. खालचा आकडा हलला की वरचे सगळे आकडे हलतात.

म्हणून खरेदीच्या आधी दोन गोष्टी करा. खिशात मावणारा टीडीएस मीटर (विरघळलेले घन पदार्थ मोजणारा) घ्या आणि नळ व बोअर दोन्हींचा आकडा उन्हाळ्यात, पावसाळ्यात, थंडीत नोंदवून ठेवा. आणि एकदा तरी प्रयोगशाळेतून कठीणपणा, नायट्रेट, लोह आणि सिलिका तपासून घ्या. दोन्ही पाणी उपलब्ध असेल तर माझा कौल नळाच्या पाण्याला. नळ ठरावीक वेळेलाच येतो ही अडचण खरी, पण जमिनीखालच्या हौदात ते वेगळं साठवता आलं, तर आरओ यंत्राची मेम्ब्रेन आणि तिच्यानंतर उरलेले क्षार पकडणारं रेझिन, दोन्ही कितीतरी जास्त टिकतात.

पिण्याचं शुद्ध आणि टाकीचं शुद्ध

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आणि तांब्याची ०.०५ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर यांतल्या घन पदार्थांची आणि तांब्याची मर्यादा आणखी वाढते. माणसाला या मर्यादेतलं पाणी उत्तम. प्रवाळाच्या टाकीत मात्र नायट्रेट पाच-दहा मिलिग्रॅमच्या पुढे गेला की काचेवर शेवाळ धरू लागतं. तांबं तर कोळंबी, गोगलगायी, समुद्रफुलं आणि प्रवाळ यांना अत्यंत कमी प्रमाणातही घातक ठरतं. त्यात टाकीतून फक्त पाणी उडून जातं, बाकी सगळं मागे राहतं. उडालेल्या पाण्याची भर रोज नळाच्या पाण्याने घातली, तर नळातली अशुद्धी दिवसेंदिवस साचत जाते. स्वयंपाकघरातलं पाणी कितीही गोड लागलं तरी ते टाकीत जाऊ नये, याचं कारण हे.

किती पाणी लागेल

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घेऊ. ही १६ घनफूट झाली. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर ४५३ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा केले, टाकीखालच्या संपमधलं (जोडटाकीतलं) पाणी मिळवलं, की साधारण ४०० लिटर हाताशी राहतात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे ४० लिटर खारं पाणी.

लोक हिशेबात धरत नाहीत ते बाष्पीभवन. या मापाच्या टाकीचं पाणी एक सेंटिमीटर खाली गेलं तर जवळजवळ साडेसात लिटर उडालं. संप असेल तर ही घट संपमध्ये दिसते. रायपूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, वर पंखा चालू, टाकी गार ठेवायला पाण्यावर आणखी छोटे पंखे लावलेले. अशा वेळी पाणी भराभर उडतं. जुलैत पाऊस लागला की तीच टाकी निम्मंही पाणी घालवत नाही. आपल्या घरची घट आठवडाभर मोजून बघा. रोजचे पाच लिटर धरले तरी आठवड्याचे ३५ झाले, आणि बदलाचे ४० मिळून ७५ लिटर शुद्ध पाणी. उन्हाळ्यात हा आकडा शंभराच्या पुढे जाईल असं धरूनच यंत्रणा निवडावी.

बाजारात सहज मिळणारी ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) आरओ मेम्ब्रेन कागदावर दिवसाला २८४ लिटर देते. प्रत्यक्षात ताशी आठ-दहा लिटर धरावेत. म्हणजे आठवड्याची गरज दोन रात्रींत भागते. याहून मोठ्या यंत्राची घरात गरज नाही.

घरचा आरओ जसाच्या तसा का चालत नाही

समुद्री टाकीसाठी बनवलेले आरओ संच परदेशातून महाग पडतात, आणि त्यांची गरजही नाही. रायपुरात कोणताही आरओ दुरुस्त करणारा मिस्त्री सुट्या भागांतून संच जोडून देतो. त्याला काय सांगायचं हे मात्र आपल्याला ठाऊक हवं, कारण तो पिण्याच्या पाण्याच्या सवयीने जोडणार.

क्रम असा ठेवायचा: पाच मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, मग बूस्टर पंप, मग मेम्ब्रेन, आणि शेवटी डीआय रेझिनचं नळकांडं. कार्बन मेम्ब्रेनच्या आधी हवाच, कारण क्लोरीनने मेम्ब्रेनचा पातळ पापुद्रा खराब होतो. दाण्यांच्या कार्बनपेक्षा दाबून बनवलेला ब्लॉक बरा, त्यातून पाणी फट काढून निसटत नाही.

बूस्टर पंप इथे ऐच्छिक नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १४ पीएसआय. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळाला दहा-अकरा पीएसआयच देते. मेम्ब्रेनला निदान पन्नास-साठ लागतो. दाब कमी पडला तर पाणी कमी येतं, आणि आलेलंही अशुद्ध असतं.

आता काढून टाकायच्या गोष्टी. टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व चवीसाठी शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळतो. तो पूर्ण काढायचा, नुसता बंद करून ठेवायचा नाही. मेम्ब्रेननंतरचं मिनरल किंवा अल्कलाइन नळकांडं काढायचं. चवीसाठीचा शेवटचा कार्बनही काढायचा. यूव्ही दिव्याची गरज नाही. आणि हल्ली पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारे प्युरिफायर घरोघरी आले आहेत. त्या नळाचं पाणी टाकीच्या जवळही नेऊ नका.

मेम्ब्रेन नवी असताना साधारण ९६ ते ९८ टक्के क्षार अडवते. बोअरचं पाणी ६०० असेल तर ९७ टक्क्यांच्या हिशेबाने पलीकडे १८ निघायला हवेत. मेम्ब्रेनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा दर महिन्याला वहीत लिहा. १८ चे ३६ झाले तर रेझिन निम्म्या काळातच संपेल, मग महागडं रेझिन बदलत बसण्यापेक्षा मेम्ब्रेन बदलणं स्वस्त पडतं.

रेझिनचा टप्पा, आणि चुनखडीची एक खोडी

उरलेले क्षार डीआय रेझिन पकडतं. बारीक मण्यांसारखं हे रेझिन दोन जातींचं मिसळलेलं असतं. एक जात धन आयन घेऊन हायड्रोजन सोडते, दुसरी ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल सोडते, आणि दोघांचं मिळून पाणीच होतं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा शून्य हवा. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर किती उरलंय ते डोळ्यांना दिसतं. आकडा शून्यावरून एक-दोनवर आला की लगेच बदला. संपत आलेलं रेझिन सैल पकडलेले आयन, त्यांत सिलिका आलीच, एकदम सोडून देतं, आणि टाकीत तपकिरी शेवाळाचा थर चढतो.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना इथे एक कोडं पडतं. मेम्ब्रेननंतर आकडा चांगला असतो, तरी रेझिन महिन्याभरात संपतं. कारण बहुतेकदा कार्बन डायऑक्साइड असतो. चुनखडीतून आलेल्या बायकार्बोनेटयुक्त पाण्यात हा वायू विरघळलेला असतो, मेम्ब्रेन त्याला अडवू शकत नाही, टीडीएस मीटर त्याला फारसा मोजत नाही, आणि तो थेट ऋण आयन पकडणारं रेझिन खाऊन टाकतो. उपाय सोपा आहे. आरओचं पाणी आधी एका पिंपात घ्यायचं, त्यात एअर पंपाचा दगड रात्रभर बुडबुडत ठेवायचा, आणि वायू उडून गेल्यावर छोट्या पंपाने ते रेझिनमधून काढायचं. एक पिंप वाढतं, पण कठीण बोअरवर हा खर्च वसूल होतो.

दुसरी काळजी सुरुवातीच्या पाण्याची. आरओ बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होत जातात, त्यामुळे चालू केल्यावर पहिली काही मिनिटं खराब पाणी येतं. रेझिनच्या आधी एक तिहेरी व्हॉल्व बसवा आणि ते पाणी बादलीत सोडून द्या. याच कारणाने दर तासाला चालू-बंद होणारी यंत्रणा टाळावी. एकदा सुरू केलं की पिंप भरेपर्यंत चालू द्यावं.

मे महिन्याचं गरम पाणी

घरगुती मेम्ब्रेन २५ अंशांच्या पाण्यावर मोजलेली असते आणि तिची कमाल मर्यादा बहुधा ४५ अंश. रायपूरचा पारा मेमध्ये ४५ च्या आसपास जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. असं पाणी मेम्ब्रेनला दिलं तर धार मोठी येते आणि माणूस खूश होतो, पण सोबत क्षारही जास्त निसटतात आणि मेम्ब्रेनचं आयुष्य घटतं. शक्य असेल तर जमिनीखालच्या हौदातून पाणी घ्या. नाहीतर आरओ पहाटे चालवा, गच्चीतून येणारा पाइप सावलीत आणा.

थंडीत उलट होतं. पाणी अंशाअंशाने गार होत जातं तशी धार साधारण तीन टक्क्यांनी कमी होत जाते. डिसेंबर-जानेवारीत यंत्र मंद झालं म्हणजे बिघडलं असं नाही.

आरओचं सोडलेलं पाणी

एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधे घरगुती संच तीन लिटरच्या आसपास पाणी सोडतात. आठवड्याच्या ७५ लिटरमागे सव्वादोनशे लिटर. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१९ साली पिण्याच्या आरओबाबत निर्देश दिले, त्यात निदान ६० टक्के पाणी परत मिळावं अशी अपेक्षा होती. हेतू योग्यच होता. पण चुनखडीच्या बोअरवर फ्लो रिस्ट्रिक्टर घट्ट करून ६० टक्के काढायला गेलात, तर मेम्ब्रेनच्या अलीकडचं पाणी अडीचपट दाट होतं आणि तिच्यावर चुना बसतो. आधी सॉफ्टनर लावलात तरच हे जमतं. स्केल रोखण्यासाठी मिस्त्री जे पांढरे गोळे टाकतात ते बहुधा पॉलिफॉस्फेटचे असतात. आपली सगळी धडपड फॉस्फेट टाकीबाहेर ठेवण्याची, म्हणून मला ते पटत नाहीत.

सोडलेलं पाणी गटारात घालवू नका. ६०० च्या कच्च्या पाण्याचं हे पाणी आठशेच्या आसपास असतं. फरशी, संडास, अंगण, गाडी धुणं यांना ते पूर्ण चालतं. कूलरमध्ये मात्र घालू नका, जाळ्या आणखी लवकर दगड होतील. कुंड्यांना रोज तेच दिलं तर मातीत क्षार साठतात. नळाच्या पाण्याचं असेल तर झाडांनाही चालतं.

समुद्राचं मीठ

समुद्रापासून दूर समुद्री जीव ठेवण्याची धडपड जुनी आहे. शिकागोचं शेड मत्स्यालय १९३० मध्ये उघडलं तेव्हा फ्लोरिडाच्या की वेस्टहून रेल्वेच्या टाक्यांतून समुद्राचं पाणी आणलं होतं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, त्याच्या समोरच समुद्र होता. लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस याने मात्र १८५४ मध्येच क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करून पाहिलं होतं. त्याला पक्का आधार मिळाला तो पुढे. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ दरम्यान जगभरातून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले. १८८४ च्या त्याच्या अहवालातून दिसलं की समुद्र कुठे जास्त खारा, कुठे कमी खारा असला, तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच राहतं. म्हणून एकाच डब्यातलं मीठ अरबी समुद्रातल्या माशालाही चालतं आणि प्रशांत महासागरातल्या माशालाही.

एक किलो समुद्रजलात ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. स्वयंपाकाच्या मिठात पहिले दोनच आहेत. मिठागरातलं जाडं मीठही चालत नाही, कारण सोडियम क्लोराइड स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि मॅग्नेशियम वरच्या कडू पाण्यात राहून जातं. तेव्हा इन्स्टंट ओशन, रेड सी, ट्रॉपिक मरीन यांसारखं तयार मीठच घ्यायचं. १९६४ पासून बाजारात असलेल्या इन्स्टंट ओशनसारखं साधं मीठ फक्त मासे असलेल्या टाकीला पुरतं. कॅल्शियम-अल्कलिनिटी वाढवलेली मिठं प्रवाळांसाठी असतात. भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते काढणं गुन्हा आहे. विक्रेत्याकडे कागद नसतील तर घेऊ नका.

आठवड्याला ४० लिटर म्हणजे वर्षाला सुमारे ७५ किलो मीठ. या छंदातला कायमचा मोठा खर्च हाच. म्हणून पावसाळ्यात डबा जपावा लागतो. मिठातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, मीठ दगडासारखं बसतं आणि वजनावर केलेला हिशेब चुकतो. जूनच्या आधी मोठा डबा फोडू नका. फोडलाच तर हवाबंद डब्यांत वाटून ठेवा आणि वापरण्यापूर्वी डबा आडवा लोळवून मीठ सारखं करा.

पिंपं, पाइप आणि वजन

दोन पिंपं हवीत, प्रत्येकी शंभर ते दोनशे लिटरची: एक शुद्ध पाण्याचं, एक मिश्रणाचं. खाद्यपदार्थांसाठी बनवलेलं नवं एचडीपीई पिंप घ्या. रसायनाचं जुनं निळं पिंप स्वस्त मिळतं, पण कितीही धुतलं तरी त्याचा भरवसा नाही. शुद्ध पाण्याचं पिंप उंच चौथऱ्यावर ठेवलं की ते मिश्रणाच्या पिंपात आपोआप उतरतं. पिंप पहिल्यांदा भरताना दहा-दहा लिटर मोजून ओता आणि बाहेरून रेघा मारून ठेवा. शुद्ध पाण्याच्या पिंपाला फ्लोट व्हॉल्व लावा आणि झाकण घट्ट बसवा. गोडं पाणी उघडं राहिलं तर डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात.

पाइप आणि व्हॉल्व सगळे यूपीव्हीसीचे. पितळेचा बॉल कॉक, जीआयचा निपल, तांब्याची नळी यांतलं काहीही नको. शून्य टीडीएसचं पाणी धातू हळूहळू खातं, खारं पाणी तर झपाट्याने. कूलरचा स्वस्त पंप मिश्रणाला लावण्याचा मोह होतो, पण त्याचे धातूचे भाग खाऱ्या पाण्यात गंजतात. सिरॅमिक दांड्याचा, सीलबंद मोटरचा मत्स्यालयाचा पंपच घ्या.

दोनशे लिटरचं भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं, आणि तेही पाऊण चौरस मीटरही नसलेल्या जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलोचा वापरभार धरतात. तळमजल्यावर प्रश्न नाही. अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर असाल तर भिंतीलगत, बीमवर ठेवा, पिंपं लहान घ्या, आणि इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय गॅलरीत रांग लावू नका.

वीज जोडताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावाच. खारं पाणी आणि हात एकत्र येणाऱ्या जागी त्यात काटकसर करायची नसते.

मिश्रण करताना

आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी दाट भागात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुना होतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. शंभर लिटर पाणी २५-२६ अंशांवर आणा, पंप चालू करा, आणि साधारण ३.६ किलो मीठ मूठमूठ सोडत जा. डब्यावरचं प्रमाण थोडं वेगळं असेल तर ते पाळा. पाणी आधी दुधासारखं होईल, काही तासांत निवळेल. रात्रभर पंप चालू ठेवून पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की वायूंचा समतोल साधतो आणि पीएच स्थिर होतो.

रायपूरच्या उन्हाळ्यात इथे एक फरक करावा लागतो. गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट अधिक सहज बाहेर पडतं, विशेषतः अल्कलिनिटी वाढवलेल्या मिठात. ३६-३७ अंशांच्या खोलीत मिश्रण चार दिवस फिरवत ठेवलं तर पिंपाला आतून खरखरीत थर चढतो आणि टाकीत कमी कॅल्शियमचं पाणी जातं. उन्हाळ्यात रात्री मिसळा, सकाळी वापरा, साठवू नका. गार करायचं असेल तर बर्फ थेट टाकू नका, शुद्ध पाणी भरून गोठवलेल्या बंद बाटल्या सोडा. थंडीत हीटर लागतो. दोनशे वॉटचा हीटर शंभर लिटर पाणी एक अंश तापवायला ३५ मिनिटं घेतो, म्हणजे १५ वरून २६ वर यायला जवळजवळ सगळी रात्र.

खारटपणा मोजणं

लक्ष्य ३५ भाग प्रति हजार, म्हणजे २५ अंशांवर सापेक्ष घनता सुमारे १.०२६४. टीडीएस मीटर इथे उपयोगी नाही, रिफ्रॅक्टोमीटर हवा. तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला दोन-तीन भागांनी चुकू शकतो. ३५ चं प्रमाणित द्रावण मिळालं तर उत्तम. नाहीतर सोनाराच्या काट्यासारख्या अचूक वजनकाट्यावर ३.६५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६.३५ ग्रॅम शुद्ध पाणी घ्या. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ च्या समुद्रजलाइतकाच असतो, त्यावर यंत्र ३५ ला लावा.

शंभर लिटरचं मिश्रण ३३ भरलं तर सुमारे दोनशे ग्रॅम मीठ वाढवा. ३७ भरलं तर पावणेसहा लिटर शुद्ध पाणी. टाकीत ओतण्याआधी दोन्हीकडचा खारटपणा आणि तापमान जुळलेलं असावं.

बदललेलं पाणी कुठे जाईल

दर आठवड्याला टाकीतून ४० लिटर खारं पाणी निघतं. त्यात १.४ किलो मीठ असतं, वर्षाला सत्तर किलोच्या वर. ते बागेत गेलं तर माती मरेल. अनेक घरांत गच्चीचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी खड्डा केलेला असतो. त्या खड्ड्यात किंवा अंगणात हे पाणी सोडलं, तर ते चुनखडीच्या भेगांतून आपल्या आणि शेजाऱ्याच्या बोअरमध्ये उतरेल. जवळच्या तलावात तर मुळीच नको. टाकी मांडण्याआधी, पिंपांची जागा ठरवतानाच, तिथून सांडपाण्याच्या नळीपर्यंत एक पाइप काढून घ्या, आणि बदललेलं पाणी फक्त त्याच वाटेने जाऊ द्या.